उलटं चढलेलं पाणी

देवखिंड धरणाच्या नियंत्रण कक्षात नूतन हळदणकर नदीछायेसमोर चहा घेत बसली होती. नदीछाया म्हणजे तारणी नदीची संगणकातली हुबेहूब प्रतिकृती. उगमापासून शेजारच्या राज्यातल्या होन्नूरपर्यंतचा प्रत्येक ओढा तिच्यात वाहायचा, आणि करारानुसार ती दोन्ही राज्यांना सारखीच दिसायची. धरण काठोकाठ भरलं होतं. पडद्यावर तिनं वर्तवलेलं, दोन दिवसांनंतरचं होन्नूर पाण्याखाली होतं.

फोन वाजला. होन्नूरच्या बंधाऱ्यावरच्या अभियंता गंगव्वा हिरेमठ बोलत होत्या.

"मॅडम, तुम्हालाही तेच दिसतंय?"

"हो. समुद्रातलं ते वादळ इथं येऊन कोसळलं तर सगळे दरवाजे एकदम उघडावे लागतील. त्यापेक्षा आत्तापासूनच थोडं थोडं पाणी सोडते."

"आणि पाऊस आलाच नाही तर?"

"तर आमचा उन्हाळा कठीण आहे."

आपलं पाणी असं घालवायचं नाही, असा मंत्र्यांचा निरोप आला. पण करारानं शेवटचा निर्णय धरणावरच्या अभियंत्याकडे दिला होता. नूतननं दरवाजे उघडले.

वादळ समुद्रातच वळलं. उरलेला पावसाळाही कोरडाच सरला आणि मार्चमध्येच गावागावांत टँकर सुरू झाले. देवखिंडच्या ग्रामसभेला नूतन एकटीच गेली.

"नदीछाया चुकली आणि भोगतोय आम्ही!" सरपंच सुनंदा भोइटे कडाडल्या.

"चुकली," नूतन म्हणाली. "पण त्या सकाळी जे दिसत होतं, त्यावरून मी पुन्हा तेच केलं असतं."

कुणी टाळी वाजवली नाही. तीही खाली मान घालून बसली नाही.

ही सभा गंगव्वांनी मोबाइलवर पाहिली. नदीवरच्या बंधाऱ्यांमधली नवी टर्बाइनं उलटी फिरवली की पंप होत, आणि दुपारची सौर वीज तर वायाच जात होती. होन्नूरला साठलेलं पाणी तसं देवखिंडपर्यंत चढवायला त्यांनी आपल्या राजधानीत परवानगी मागितली.

"आपलं पाणी वर चढवायचं? निवडणूक तोंडावर आहे, बाई!" तिथले मंत्री म्हणाले.

तेव्हा ज्यांच्यासाठी देवखिंडनं पाणी सोडलं होतं, ती होन्नूरची माणसंच राजधानीत ठिय्या देऊन बसली. ती उठायला तयार होईनात. अखेर सही झाली.

मे महिन्यात पाणी एकेक बंधारा चढत देवखिंडला पोचलं. धरणाच्या भिंतीवर गर्दी लोटली होती. खाली गढूळ पाणी उसळून वर येऊ लागलं, तशी सुनंदाताईंनी नूतनचा हात घट्ट धरला.

"पुन्हा तसंच दिसलं," त्यांनी विचारलं, "तर दरवाजे उघडाल?"

"उघडीन," नूतन म्हणाली. "तुम्ही उघडू द्याल?"