जाळीच्या आत कोण बसतं?

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मी शपथा घेत बसणार नाही. पण यातली निम्मी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे आणि उरलेली आर्डेनने माझ्याच ओसरीत बसून सांगितली.

आर्डेन टोलेफसन माझा शेजारी. विस्कॉन्सिनच्या पश्चिमेला, टेकड्यांच्या बेचक्यात आमच्या जमिनी एकमेकींना लागून आहेत.

तारीख पक्की आठवते. गेल्या वर्षीचा सव्वीस ऑक्टोबर. दुपारचे तीन वाजले असतील.

त्या दुपारी आर्डेनचा थोरला भाऊ नॉरिस घरातून निघून गेला.

नॉरिस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. वडील गेल्यावर त्यानेच आर्डेनला लहानाचं मोठं केलं होतं. आता मात्र त्याला काही म्हणजे काही आठवायचं नाही. फक्त आर्डेनला तो अजून "बारक्या" म्हणायचा. बारक्याला एकसष्टावं लागलं होतं.

आम्ही चौदा जण शोधायला निघालो.

आर्डेनच्या जमिनीच्या टोकाला दीड एकर क्लोव्हरचा हिरवा चारा आहे. गुरांसाठी नाही, हरणांसाठी. माती तपासायची, चुना टाकायचा, पेरायचं. हरणं ते खाऊन अंगाने भरतात, नरांची शिंगं वाढतात. मग नोव्हेंबरात शिकार.

क्लोव्हरच्या पलीकडे गुडघाभर पाण्याचा ओढा. ओढ्यापलीकडे बारा एकर राखीव रान. तिथे हरणं निजतात. तिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही, हा नियम. माणसाचा वास लागला की मोठा नर जो पळतो तो थेट शेजाऱ्याच्या हद्दीत. म्हणजे माझ्या.

सहा वर्षं त्या रानात कुणी गेलं नव्हतं. आणि गेल्या वर्षी तिथे एक नर होता. शिंगांना बारा टोकं. चार वर्षं पोसलेला.

"लग्न माझ्याशी केलंस की त्या शिंगवाल्याशी?" आर्डेनची बायको जोलीन त्याला टोमणे मारायची.

शोधपथकाच्या प्रमुखाने विचारलं, "ओढ्यापलीकडे कोण बघतंय?"

"मी आत्ताच बघून आलो," आर्डेन म्हणाला. "कुणी नाही तिकडे."

तिसऱ्या दिवशी सकाळी नॉरिस सापडला.

राखीव रानात. ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलेला. तोंड क्लोव्हरकडे.

डॉक्टर म्हणाले, पहिली रात्र त्याने जिवंत काढली असावी.

"तू बघितलंस तेव्हा नव्हता ना रे तो?" जोलीनने विचारलं.

"नंतर आला असेल," आर्डेन म्हणाला. तिने विश्वास ठेवला. नॉरिसवर तिचा फार जीव होता. त्याला शेवटची तीन वर्षं तिनेच भरवलं होतं.

पण आर्डेन रानात गेलाच नव्हता. नर बिथरेल म्हणून...

त्या हंगामात त्याने बंदूक उचलली नाही. लोकांना वाटलं, भावाचं दुःख.

या वर्षी त्याने पुन्हा क्लोव्हर पेरलं. मध्ये जाळी उभी केली. तारेचा गोल, छातीएवढा उंच. आम्ही सगळेच करतो. जाळीच्या आत हरणांचं तोंड पोचत नाही. त्यामुळे आत क्लोव्हर गुडघ्याएवढं वाढतं आणि बाहेर खुरटं राहतं. हरणांनी किती खाल्लं, ते त्या फरकावरून कळतं.

सप्टेंबरात एका सकाळी तो बघायला गेला...

बाहेर क्लोव्हर गुडघ्याला लागत होतं. एका पानालाही तोंड लागलेलं नव्हतं.

आणि जाळीच्या आत?

आत सपाट.

खाल्लेलं नव्हे. दबलेलं. कुणीतरी बराच वेळ बसून उठावं, तसं.

"ससा असेल," जोलीन म्हणाली.

"एवढा मोठा ससा?"

"मग कुत्रा. तू ना आर्डेन, उगाच जिवाला घोर लावून घेतोस."

त्याने जाळी उपटून दुसऱ्या टोकाला ठोकली.

सकाळी तिथेही तेच. शिवाय एका बाजूची तार बाहेर फुगलेली... पाठ टेकून बसल्यासारखी.

मग त्याने खांबावर कॅमेरा लावला, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा. आठवड्याने फोटो पाहिले. रोज संध्याकाळी साडेपाचनंतर दोनशे-दोनशे फोटो. जाळी रिकामी. प्रत्येक फोटोत रिकामी.

पण मागे, ओढ्याच्या काठाला, हरणं उभी होती.

ओळीने. सतरा-अठरा. माद्या, पाडसं, आणि टोकाला तो बारा टोकांचा नर.

एकही क्लोव्हरमध्ये उतरत नव्हतं. सगळी जाळीकडे बघत होती.

 चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसंच हे, असं म्हणून आर्डेनने आठ दिवस स्वतःची समजूत घातली. नवव्या दिवशी जोलीन भांडी घासत होती. खिडकीतून बाहेर बघत तिने सहज विचारलं, "आज शेतात कुणी आलं होतं का रे?"

"नाही."

"मग बारक्या बारक्या कोण ओरडत होतं?"

 आर्डेनने तिला सगळं सांगून टाकलं.

जोलीनने नळ बंद केला. हात पुसले.

"एका जनावरासाठी?" एवढंच विचारलं तिने. संध्याकाळच्या आत बॅग भरून बहिणीकडे ओ क्लेअर शहरात गेली. अजून आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणं क्लोव्हरमध्ये होती. मजेत चरत होती. जाळीच्या आतलं क्लोव्हर ताठ उभं होतं. त्यानंतर तिथे काहीही झालं नाही.

हे सांगताना आर्डेन लहान मुलासारखा रडला. मी कॉफी पुढे केली, त्याने घेतली नाही.

जाताना म्हणाला, "वेंडेल, चौदा जण होतात तुम्ही. एकालाही शंका आली नाही?"

"नाही रे बाबा," मी म्हणालो. "कशी येणार?"

आता तुम्हाला खरं सांगतो. ओढा ओलांडल्याशिवाय त्या रानात जाता येत नाही. त्या दुपारी आर्डेन माझ्या शेजारीच उभा होता. त्याचे बूट कोरडे होते. पॅन्टही कोरडी. मी पाहिलं होतं.

माझंही राखीव रान आहे. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो, असं तेव्हा वाटलं. अळीमिळी गुपचिळी. आज त्याची लाज वाटते. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर नॉरिस जिवंत सापडला असता.

आर्डेन येऊन गेला त्याला नऊ दिवस झाले.

चार दिवसांपासून संध्याकाळी माझ्या शेताच्या कडेला हरणं येतात. ओळीने उभी राहतात. आत उतरत नाहीत.

माझ्याही क्लोव्हरमध्ये जाळी आहे. मी अजून बघायला गेलेलो नाही.