औषध उतरेपर्यंत

"बूट काढा आधी... की तसेच शिरणार?"

सुमेध दारातच थबकला. शेडमध्ये ओढणीने नाक-तोंड बांधलेली एक मुलगी कोंबड्यांची पाण्याची भांडी घासत होती. दिसत होते ते फक्त डोळे – तेही रागावलेले. झुलाल आबांचं घर विचारायला तो डोकावला होता. मामा अजून बोदवडच्या स्टँडवर पान लावून घेत होते.

"पाहुणे आहोत," तो हसून म्हणाला. "यांतली आमच्या पानात कोणती येणार, तेवढं दाखवा. ओळख करून घेतो."

"एकही नाही."

"का? एवढा वाईट दिसतो मी?"

"तुम्ही नाही हो... त्या औषधावर आहेत."

मग विशाखाच्या लक्षात आलं. धुळ्याच्या एस.टी. वर्कशॉपातला, तिला पाहायला येणारा मुलगा तो हाच! कानाच्या पाळ्या तापल्या. बरं झालं ओढणी होती.

घरात मात्र तिचे वडील, झुलाल आबा, चिडले. मुलाचं मूळ गाव शिंदखेडा; तिकडच्या या पाहुण्यांना त्यांनी कोंबडीचं जेवण कबूल केलं होतं. शेडमध्ये पाचशे पक्षी, आणि पानात काय वाढायचं? गावठी कोंबड्या शेडला रोग नको म्हणून केव्हाच काढून टाकलेल्या. बोदवडचं चिकनचं दुकानही विशाखाच्याच मालावर चाले, आणि तो तिनेच थांबवलेला. थंडीने कोंबड्यांना खोकला धरला, तेव्हा तिने पाण्यातून औषध दिलं होतं. विहिरीच्या जड पाण्यात ते अंगी कमी लागतं, म्हणून नळाचं पाणी डोक्यावर वाहून आणलं होतं. आता खोकला थांबला, तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरायचे होते.

"स्थळ हातचं जाईल, पोरी," आबा म्हणाले. आवाज खाली आला होता.

विशाखाचंही काळीज हललं. तो हसरा मुलगा तिला आवडला होता, खोटं कशाला बोला! तरी तिने चुलीत वांगी टाकली.

पान पाहून मामांचा चेहरा उतरला. "कोंबड्यासना घरमा वांगानं भरीत?"

आबा मान खाली घालून बसले. आई सुनंदाबाई दाराआडून खुणावत होती, पण विशाखा पुऱ्यांचं ताट घेऊन थेट बाहेर आली.

"मामा, मीच नाही म्हटलं. औषध पोटातून रक्तात जातं, रक्तातून मांसात, काळजात. मग विष्ठेतून हळूहळू बाहेर पडतं. त्याला दिवस लागतात."

"कोंबड्या तर टुणटुणीत शेतंस," मामा म्हणाले.

"खोकला गेलाय. औषध गेलेलं नाही."

"आनि वाढी देतीस, ते कोनले कळनार व्हतं?"

"मला कळलं असतं. जी मी दुकानाला विकत नाही, ती तुम्हाला कशी वाढू?"

मामांनी हातातला घास पानात परत ठेवला. विशाखाला वाटलं, संपलं! डोळे भरून यायच्या आत तिने ताट खाली ठेवलं आणि वळली. तेवढ्यात तिला सुमेधचा आवाज ऐकू आला.

"मामा, गाडीचा ब्रेक पुरा तपासल्याबिगर मी डेपोबाहेर सोडत नाही. ड्रायव्हर शिव्या देतात, प्रवासी कावतात... पण सोडत नाही." तो थांबला. बोलताना तो तिच्याकडेच पाहत होता. "मी पोरगी देखाले उनू. मना होकार शे. आते तिले इचारा – मी तिले चालसू का?"

मामांनी भाच्याकडे पाहिलं, मग भरताचा मोठा घास घेतला आणि आबांना म्हणाले, विचारा.

आबांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच ते ताठ बसले होते.

"मी काय विचारू?" ते म्हणाले. "तिच्या शेडमध्येच नाही, या घरातही तिचाच शब्द चालतो. विशाखा, सांग बाई तूच."

तिने सुमेधच्या डोळ्यांत पाहिलं, सगळ्यांसमोर, न लाजता.

"चालतील," ती म्हणाली.