जास्वंदीवर चालणारा कापूस

“थांब चिद्या! हात लावू नकोस!” तुंगा किंचाळली.

दचकलेल्या चिदंबरच्या हातून लाकडी राणी सटकता सटकता वाचली. दसऱ्याची सुटी लागली होती आणि तो, त्याचा दादा वेंकटेश आणि वरुणा गावाहून आलेली मैत्रीण तुंगा, तिघं मिळून गोंबे, म्हणजे दसऱ्याच्या बाहुल्या, मांडत होती. वरच्या पायऱ्यांवर बाहुल्यांचा दरबार, खाली जास्वंदीच्या छोट्या कुंड्या. ही रोपं तिरुमलरावकाकांनी परदेशातून आणली होती. संध्याकाळी बाहुल्या पाहायला येणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकवाबरोबर एकेक कुंडी वाण म्हणून द्यायची होती.

“अय्यो, कापसाला घाबरतेस?” चिदंबर हसला. खरंच, पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस चिकटला होता.

“कापूस? नीट बघ!”

वेंकटेशने भिंग धरलं. कापूस चालत होता!

“पिठ्या ढेकूण!” तुंगा म्हणाली. “मागे असाच किडा आमच्या पपईवर आला. अप्पांना सगळी बाग उपटून जाळावी लागली. आत्ता कुठे नवी झाडं धरलीत रे! आणि बाहेर अप्पा...”

तिघं अंगणात धावली. तुंगाचे वडील शेषगिरीअप्पा मोटारसायकलला एक कुंडी बांधत होते!

“अप्पा, नेऊ नका! किडे आहेत तिच्यावर!”

“किडे?” शेजारी उभे असलेले तिरुमलरावकाका खो खो हसले. “परदेशी माल आहे पोरी!”

“काका, विमानतळावर तपासून घेतलीत ना रोपं?” वेंकटेशने विचारलं.

“त्यांना कशाला सांगायचं? कपड्यांत गुंडाळून आणली बॅगेतून!”

मुलं चमकली. चोरून आणली?

“तुंगा, गप्प!” अप्पांनी दटावलं. “वाणाला नाही म्हणू नये.”

वेंकटेशला एक युक्ती सुचली. मग म्हणाला, “काका, पहिलं वाण देताना तुमचा फोटो हवाच! आत या, दरबारासमोर.”

काका लगेच खूश! ठेवणीतला लांब काळा कोट चढवून ते उभे राहिले. तुंगाने खाली प्लास्टिक अंथरलं.

“हे कशाला गं?”

“बूट मळू नयेत म्हणून!”

“काका, कुंडी छातीशी धरा,” वेंकटेश म्हणाला. “आता हलवा, पानं मोकळी दिसू देत. जोरात!”

काकांनी कुंडी गदागदा हलवली.

“आता कोटाकडे बघा!”

काळ्या कोटावर पांढरे ठिपके पडले होते. आणि ते ठिपके हळूहळू कॉलरकडे चढत होते!

“ईऽऽ! काढा! काढा रे कुणीतरी!” काका थयथय नाचू लागले. दारातून पाहणारे अप्पा झटकन मागे सरले.

चिदंबरने फोन करताच शेतीखात्यातल्या कमलाक्षीआत्या धावत आल्या. कुंड्या पाहून त्यांचाही चेहरा उतरला.

“मुलांनो, या किड्याच्या मूळ देशात त्याला खाणारे शत्रू असतात. इथे ते नसले, तर त्याला आवरणार कोण? म्हणून तर बाहेरचं रोप आधी तपासायचं, वेगळं ठेवायचं, मगच बागेत लावायचं. आज संध्याकाळी हा किडा घराघरांत पोचला असता! शाबास तुमची!”

मातीसकट सगळ्या कुंड्या जाड पिशव्यांत बंद झाल्या.

“कोटसुद्धा?” काका पुटपुटले.

“कोट आधी!” आत्या कडाडल्या. काकांनी मुकाट्याने कोट काढला आणि चोरून आणलेल्या रोपांबद्दल सांगायला विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना स्वतःच फोन लावला.

अप्पांनी तुंगाच्या डोक्यावर हात ठेवला. “बाळ, माझ्याच हाताने मी बागेत नेणार होतो ते. बाग तू वाचवलीस!”

तुंगाने डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवले. “अजून वाचली नाही! आधी आंघोळ, मग धुतलेले कपडे. त्याशिवाय बागेत पाऊल टाकायचं नाही!”

“बरं, बाईसाहेब!” म्हणत अप्पा न्हाणीघराकडे निघाले.