रेवडी ट्रॉलीत का चढेना?

"चढ गं माझे माय! वरात खोळंबली तिकडं कळमनुरीत!"

संतरामकाकांनी लगाम ओढला. रेवडीनं ट्रॉलीला लावलेल्या फळ्यांवर पाय ठेवला, आणि झर्रकन मागं उडी! पाठीवरचं आरशांचं खोगीर उन्हात लखलखलं.

वारंगा फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानापुढं करुणा श्वास रोखून उभी होती. रेवडी त्यांच्याच घरची घोडी. बाबांनी गाव सोडून फाट्यावर दुकान टाकलं, घोडी बांधायला जागा उरली नाही, म्हणून ती वसमतच्या संतरामकाकांकडे गेली. तेव्हापासून रस्त्यानं ट्रॉली गेली की करुणाची मान वळायची. पांढरे कान दिसतात का? कधीच दिसले नाहीत. आणि आज ट्रॉली नेमकी इथंच पंक्चर झाली! चाक बसलं, पण उतरवलेली घोडी काही परत चढेना.

"अडेल झाली ही, प्रेमानंद," काका बाबांना म्हणाले. "आज चढली न्हाई तर लांबच्या बाजारात देऊन टाकतो!"

लांबच्या बाजारात? मग तर रेवडी कधीच दिसणार नाही, करुणाला वाटलं. वसमत निदान याच रस्त्यावर होतं!

"आपल्याकडं असताना टेम्पोतबी चढायची," ती भावाच्या, शिवहारच्या, कानाशी पुटपुटली. "आता काहून भिऊन राहिली?"

"तुला तर ओळखबी देईना! विसरली असंल."

"गप रे!" करुणा फणकारली. पण तेच तर सलत होतं. रेवडीनं एकदाही तिच्याकडं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तिची धाकटी बहीण ऐश्वर्या ट्रॉलीतून ओरडली, "ताई, इथं लाल लोकर!"

ट्रॉलीच्या कडेच्या लोखंडी आकड्यात लाल धागे अडकले होते. खोगिराच्या रिकिबीला, पाय ठेवायच्या लोखंडी कडीला, तसलाच लाल गोंडा होता, अर्धा तुटलेला! करुणानं वाकून पाहिलं. खोगीर आवळणाऱ्या तंगाच्या पट्ट्याखाली रेवडीचं पोट सोलवटलं होतं.

तिनं शिवहारच्या हातातला स्टीलचा पेला हिसकावला आणि जॅकवर आपटला. टण्ण! रेवडी थरारून मागं सरली.

"ट्रॉलीला न्हाई, आवाजाला भिते ती! रिकामी रिकीब लोखंडावर आपटते, आकड्यात अडकते. मग गाडी उसळली की पोटाला हिसका!"

"मोठी आली शिकवणारी!" काका गुरगुरले. "खोगीर सजवायला अख्खी सकाळ जाते. घरूनच घालून आणावं लागतं." आणि त्यांनी चाबूक उचलला.

शिवहारनं डोळा मिचकावला. "काका, त्या बाजूच्या चाकातूनबी हवा जाऊन राहिली वाटतं!"

"आँ?" काका चाबूक टाकून पळाले.

"असं न्हाई, बराबर कान लावून ऐका!"

काका चाकाला कान लावून बसले. इकडं करुणानं दोन्ही रिकिबी वर घेऊन आपल्या निळ्या ओढणीनं खोगिरावर घट्ट बांधल्या. ऐश्वर्यानं आकड्यांवर पोती टाकली. तोंडातला लगाम काढून करुणानं साधी म्होरकी चढवली, आणि रेवडीचं ऊन ऊन नाक तिच्या मानेत घुसलं. हुंगत राहिलं.

विसरली नव्हती!

क्षणभर करुणाला वाटलं, नकोच चढू. इथंच राहा. पण तो लांबचा बाजार आठवला.

"चल, रेवडे," ती हळूच म्हणाली.

एक पाऊल. दुसरं. कुठंच टण्ण नाही! रेवडी तोऱ्यात आत जाऊन उभी राहिली. मान हलवता येईल एवढी ढील ठेवून, एका ओढीत सुटेल अशी गाठ करुणानं मारली.

"चाक तर ठणठणीत..." म्हणत आलेले काका तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग त्यांनी घोडीच्या पोटाखाली पाहिलं आणि मान खाली घातली.

"मला दिसलंच न्हाई गं पोरी. तकलीफ दिली मी हिला. आता न्हाई विकत!"

"वर्षानुवर्षं घोडी पाळली मी, पण असं डोकं माझंबी चाललं नसतं," बाबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

"आणि तुझी ओढणी?" काकांनी करुणाला विचारलं.

"परत जाताना द्या," करुणा म्हणाली. "पुढच्या वरातीला परत लागंलच की!"

"म्हणजे दर वरातीला फाट्यावर थांबायचं म्हण!" काका हसले.

"व्हय! घोडीला पाणी नको का पाजायला?"

ट्रॅक्टर निघाला. निळी ओढणी लहान लहान होत गेली, पण दोन पांढरे कान मात्र फाट्याकडंच वळलेले होते. ते दिसेनासे झाले, तशी करुणा आत गेली आणि बादली घासायला बसली.