कानामागचं मीठ

रक्त घेणारी बाई त्या दिवशी रजेवर होती, म्हणून लॅबचे डॉक्टर स्वतःच रबरी पट्टा घेऊन आले. साधारण माझ्याच वयाचे. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी विसरलेली.

"मूठ घट्ट करा. सकाळपासून आराम केलाय ना?"

"हो."

सुई हवेतच थांबली. त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं. "मग हे मीठ कुठून आलं?"

माझा हात कानामागे गेला. घाम वाळून खरखरीत झाला होता. दोन तास धावून मी थेट इथे आले होते. तोंड धुतलं, कान विसरले. या वयात असं खोटं पकडलं जावं!

"हे रक्त घेतलं तर रिपोर्टही खोटं बोलेल," ते म्हणाले. "इतकं धावल्यावर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, चढलेलं असतं. शरीराला वाटतं, मागे वाघ लागलाय. लागलाय का?"

ते हसले. मला हसता आलं नाही.

बाबा गेल्यापासून मी रोज धावत होते. पूर्वी परतले की ते फाटकाशी टॉवेल घेऊन उभे असायचे. आता तिथे कुणी नसतं, म्हणून मी परतायचंच लांबवत होते. एक सर्दी जाईपर्यंत दुसरी हजर. आणि पाळी... तीही थांबली होती. सर्दीचं आणि पाळीचं तेवढं मी जमिनीकडे बघत सांगितलं. परक्या माणसाला, तेही उघड्या सुईसमोर.

त्यांनीही मान वर केली नाही. "शरीर काटकसर करतं. रोज इतकं खर्च व्हायला लागलं की हार्मोन्सना हात आखडता घ्यावा लागतो. सर्दीशी भांडायलाही बळ उरत नाही. तुमच्या डॉक्टरांना हे सगळं नक्की सांगा. तोवर आठवडाभर विश्रांती, पोटभर जेवण. मग या."

"आणि धावले तर?"

"मी कान तपासणार."

आठवडाभर खिडकीत बसले. समोर रिकामं फाटक. एका दुपारी एकदाची रडले. आईने शेजारी बसून मटार सोलले.

जायच्या सकाळी मात्र तिने मला इस्त्री करताना पकडलं.

"रक्त द्यायला चाललीस की फोटो काढायला?"

इस्त्री तशीच धरून मी उभी राहिले. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मी निळ्या ड्रेसच्या चुण्या मोडत होते... मला माझीच लाज वाटली.

"आण इकडे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनीच करून दिली असती. कॉलर जाळली असती, ते वेगळं."

लॅबमध्ये रक्त घेणारी बाई परत आली होती. माझा चेहरा पडला असावा. तेवढ्यात आतून आवाज आला, "यांचं मी घेतो." बाईने माझ्याकडे पाहून हसू दाबायला कापूस तोंडाशी धरला.

त्यांनी आधी कान पाहिला. गंभीरपणे.

"स्वच्छ." मग रक्त घेतलं, कापूस ठेवला. "संध्याकाळी रिपोर्ट फोनवर पाठवू?"

"फोनवर... नको. मी येईन. चालत."

बोलून गेले आणि कानापर्यंत तापले. तेही दुमडलेली बाही उगाच खाली ओढत होते.

"लिफ्ट बंद आहे, वर चढू नका," ते म्हणाले. "मी खाली येतो. फाटकाशी उभा राहीन — चालेल?"

बाबांच्या फाटकाचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी फक्त मान हलवली; बोलले असते, तर तिथेच रडले असते.