मिरचीला आग्रह

कुंडीतल्या मिरचीचा थाट जावयासारखा होता. वेळेवर पाणी, भरपूर खत, दिवसाचे बारा तास दिव्याचा उजेड. तरी खालची पानं पिवळी पडली होती आणि वरच्या पानांची टोकं करपली होती. असं कसं झालं?

चंद्रावरच्या त्या वस्तीत माती नव्हती. रोपं नारळाच्या भुश्शात वाढत आणि वाढप्या नावाचा यंत्रमानव त्यांना पाण्यात विरघळवलेलं खत देई.

नऊ वर्षांच्या मृण्मयीला रडू फुटायच्या बेतात होतं. सहा महिने दूरच्या दुर्बिणीवर कामाला गेलेली आई वीस दिवसांनी परतणार होती. पाकिटातलं जेवून कंटाळलेल्या आईने एकच मागितलं होतं, ताज्या मिरचीचा ठेचा. वस्तीत मिरचीचं रोप हे एवढं एकच, आणि त्याला इवल्या इवल्या चारच मिरच्या धरलेल्या.

"नाना, उपाशी आहे का हो ते?"

नाना म्हणजे तिचे आजोबा, वस्तीतले वनस्पतिशास्त्रज्ञ. "वरून काय दिलं ते ठाऊक आहे. खालून काय येतं ते बघू." त्यांनी कुंडीत पाणी ओतलं आणि निचरा (कुंडीतून झिरपून आलेलं पाणी) वाटीत धरला. "आता याचा सामू बघ."

"सामू कोण?"

"माणूस नव्हे गं! सामू (पाणी लिंबाकडे झुकतंय की साबणाकडे, ते सांगणारा आकडा). सात म्हणजे मधोमध. लिंबाचा रस दोनच्या आसपास, साबणाचं पाणी नऊ-दहा. भुश्शातल्या मिरचीला सहाच्या आसपास मानवतं."

वाढप्या देत होता त्या पाण्याचा सामू सहा होता. निचऱ्याचा निघाला साडेचार! आणि क्षार (विरघळलेलं खत) दिल्याच्या तिप्पट.

"हे उपाशी कसलं? अन्नाच्या ढिगात बसलंय," नाना म्हणाले. "क्षार साचले की मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून टोकं करपतात. आणि साचलेल्या खताने सामू घसरला की पानांना हिरवं ठेवणारं मॅग्नेशियम समोर असूनही पुरेसं घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी. काय रे वाढप्या, मोजून द्यायला सांगितलं होतं ना?"

"मोजूनच दिलं, नाना. वर दोन पळ्या घट्ट खत. पाणी वाया जाऊ नये म्हणून निचरा होऊ दिला नाही. मृण्मयीताईने शिकवलंय, नको म्हटलं तरी वाढायचं."

मृण्मयीचे कान लाल झाले. "अरे येड्या, तो आग्रह पाहुण्यांना करायचा!"

मग तिघांनी सामू सहावर आणलेलं, अगदी पातळ खताचं पाणी कुंडीतून हळूहळू सोडलं. निचरा साडेचार, मग पाच, मग पाच पूर्णांक आठ. क्षारही उतरले.

"आता हे फेकायचं?"

"चंद्रावर? भरपूर पाणी मिसळायचं, सामू नीट करायचा आणि पालकाला द्यायचं. पृथ्वीवरसुद्धा असलं पाणी ओढ्यात सोडलं तर शेवाळ माजतं."

त्या दिवसापासून दर खेपेला थोडा निचरा होऊ द्यायचा आणि तो मोजायचा, हे काम मृण्मयीने स्वतःकडे घेतलं. पिवळी पानं काही हिरवी झाली नाहीत. नवी पालवी मात्र टवटवीत आली आणि मिरच्या बोटभर झाल्या.

आई आली. चार मिरच्यांचा ठेचा दाण्याचं कूट घालून वाटीभर केला होता. पहिल्याच घासाला तिचे डोळे पाणावले. तिखटाने, असं ती म्हणाली. वाढप्या वाढायला पुढे आला.

"पुरे रे," आई म्हणाली.

वाढप्याने वाटी चटकन मागे घेतली.

"अरे! एवढ्यात थांबलास? थोडा आग्रह कर की!"

वाढप्याने गोंधळून मृण्मयीकडे पाहिलं. ती हसत, ठेच्याआधी काढून ठेवलेलं मिरचीचं बी पुडीत बांधत होती. पुढच्या खेपेला दहा कुंड्या लावायच्या होत्या.