बोगद्यातला निळा डाग

दुकानात प्लास्टर ऑफ पॅरिसची एकच गोणी उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले.

एक हात तिचा. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. लॅबचा माल वेळेवर आला नव्हता आणि दोन-तीन आजोबा तिच्या भरवशावर तोंड मिटून बसले होते. दुसरा हात ज्याचा होता तो उंच, किडकिडीत. खिशात स्क्रूड्रायव्हर आणि कोपरापर्यंत हिरवा रंग.

"ही माझी," ती म्हणाली. "मला दात करायचेत."

"मला डोंगर करायचाय."

"काय?"

"छोटाच आहे हो... रेल्वेसाठी. म्हणजे मॉडेल. खेळणं नाही हं—तसं खेळणंच, पण..."

"दातांवाचून माणसाचं अडतं. डोंगरावाचून कुणाचं अडलंय?"

"माझ्या गाडीचं. चार वर्षं बिचारी नुसत्या फळीवर धावतेय."

तो हे इतक्या कळवळून म्हणाला, की तिला हसू आवरेना. दुकानदार वैतागला. "अर्धी-अर्धी घ्या की! गोणीच वाटून घ्यायचीय, संसार नाही."

त्याचे कान लाल झाले. तिला ते दिसलं, आणि का कोण जाणे, आवडलं.

गोणी वाटून होईपर्यंत तिने विचारलं, "तुम्ही पाण्यात प्लास्टर घालता, की प्लास्टरमध्ये पाणी?"

"प्लास्टरमध्ये पाणी."

"तरीच! गुठळ्या होत असणार. आधी पाणी घ्यायचं, मग वरून प्लास्टर भुरभुरायचं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही... याल का एकदा बघायला?"

"काय बघायला?"

"डोंगर," तो घाईघाईने म्हणाला. "डोंगरच."

तो शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. खाली दुकान, मागे घर, आणि वर एक खोली, जिच्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या ठोकून त्याने रूळ अंथरले होते. इंजिनाला तो मशीनचं तेल घालायचा. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरायची. पण डोंगर! ती दोन मिनिटं गंभीरपणे बघत राहिली.

"हा डोंगर नाही, उशी आहे. अभ्रा घातला की झोपता येईल."

त्याची आई चहा घेऊन दारात उभी होती. "सांग बाई तूच. किती डोंगर बांधले आणि किती पाडले! म्हणतो, खऱ्यासारखा वाटत नाही. स्थळं दाखवली तेव्हाही हेच. मी आता दोन्हींचा नाद सोडलाय."

"आई!"

अर्धवट काम दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. तिने ओढणी खोचली. "स्पष्ट सांगते. पुढच्या महिन्यात मी दुसऱ्या गावी चाललेय. मोठी लॅब आहे, अख्खा विभाग माझ्या हाताखाली असणार. किती वर्षं वाट बघितलीय त्याची! पण जाण्याआधी तुमची गाडी डोंगरातून पलीकडे काढते. नाही काढली तर नाव लावणार नाही."

"नाव सांगा तरी आधी..."

"गाडी निघाली की सांगेन."

मग कामावरून सुटली की ती तडक वरच्या खोलीत. उशी पाडली. जाळी वाकवून सांगाडा उभा केला, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या चिंध्या पसरल्या. एका रविवारी ती त्याला गावाबाहेरच्या जुन्या खाणीत घेऊन गेली. दातांचा ठसा घ्यायचं गुलाबी मिश्रण तिने एका खडकावर थापलं आणि सवयीने म्हणाली, "आ करा."

तो हसून हसून खाली बसला. मग तिने त्याचा हात ओढून मिश्रणावर ठेवला, वर स्वतःचा दाबला.

"हलवू नका. जमेपर्यंत धरायचं."

"किती वेळ?"

"जमेपर्यंत."

मिश्रण केव्हाच जमलं. पण हात कुणीच काढला नाही—आणि दोघंही खाणीच्या पलीकडच्या काठाकडे असे बघत होते, जणू तिकडे फार महत्त्वाचं काही चाललंय.

त्या ठशांत प्लास्टर ओतलं आणि कडे निघाले. भेगा, कपारी, सगळं अस्सल. पातळ काळं पाणी तिने वरून सोडलं. "सावली रंगवायची नाही, ओघळू द्यायची. ती आपली जागा शोधते." लाकडाचा भुसा हिरवा रंगवून तिने कुरण केलं, वाळक्या मुळांची झाडं केली. बोगद्याचं तोंड लिंपलं तेव्हा प्लास्टर ओलं असतानाच सगळ्यात लांब डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळून हाताने आरपार सरकवला. "कवळीच्या वेळी आम्ही माणसाला चावायला लावतो ना, तसंच. डबाच आपली वाट करून घेतो."

तिला खात्री होती. म्हणूनच शेवटच्या आठवड्यात गाडी बोगद्याच्या तोंडाशी अडकली, तेव्हा तिचा विश्वास बसेना.

तिने कानशीने घासलं. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा अडकली. पुन्हा घासलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"राहू द्या ना," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "एवढी काय घाई..."

राहू द्या? तिची कवळी आजवर कुणाला टोचली नव्हती. मग इथेच काय झालं? की जायचं म्हणून आपलाच हात चुकतोय? हात बिघडला, तर नव्या जागी कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

चौथ्या दिवशी तिने लॅबमधून निळा कागद आणला. कवळी नेमकी कुठे टोचते ते बघायला हाच कागद दातांत धरायला देतात. जिथे उंचवटा, तिथे निळा डाग. तिने कागद डब्यावर चिकटवला आणि डबा हाताने आत ढकलला. बोगद्याच्या आतल्या बाजूला, सहज नजर जाणार नाही अशा जागी, डाग उमटला. तिने त्यावरून बोट फिरवलं.

गुठळ्या होत्या.

ती सावकाश वळली. "हे प्लास्टर माझं नाही."

तो खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपू लागला.

"अजून प्लास्टरमध्येच पाणी घालता तुम्ही!"

"चुकलो," तो म्हणाला. "तुम्ही गेलात की मी रोज थोडं... गाडी निघाली की तुम्ही निघणार. म्हणून."

"तीन दिवस मला वाटत होतं माझा हात गेला! झोपले नाहीये मी धड!" तिचा आवाज चिरकला. "गाडी अडवून माणूस अडत नसतो. विचारायचं असतं."

"विचारलं असतं, तर थांबला असतात?"

"नाही." मग तिने सांगूनच टाकलं. "मला ते काम हवंय. आणि मला तुम्हीही हवे आहात. पण मी थांबणार नाही."

तिने कानशी उचलली आणि गुठळ्या खरवडून काढल्या. बटण दाबलं. गाडी कुरणातून वळसा घेत आली, बोगद्यात शिरली... आणि पलीकडून बाहेर पडली. सगळे डबे, एकामागून एक. तिला इतका आनंद झाला आणि इतकं रडू आलं, की तिने पर्स उचलली आणि जिना उतरली. नाव सांगायचं तसंच राहिलं. तो मागे आला नाही. त्याने गाडीही थांबवली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ती फक्त त्याच्या आईचा निरोप घ्यायला गेली, असं तिने स्वतःला बजावलं होतं. आई ओट्यापाशी कपाळाला हात लावून बसली होती. वरून करवतीचा आवाज येत होता.

ती धावत वर गेली. तो घामाघूम होऊन कुरण कापत होता. रूळ तोडलेले, डोंगराला वरपासून खालपर्यंत चीर.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"ती फळी धर जरा. डोंगर कलंडेल." इतक्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलला होता, आणि त्याला कळलंही नव्हतं.

तिने फळी धरली. "का पण?"

"सगळं भिंतीला ठोकलेलं होतं. मला वाटायचं, हे हलत नाही म्हणून मलाही हलता येत नाही. पण चार तुकडे केले, खाली नटबोल्ट लावले, की दारातून निघतं. मापं घेतलीत." त्याने करवत खाली ठेवली. "शिलाई मशिनी तुझ्या नव्या गावीही बिघडत असतीलच ना? तू थांबू नकोस. मीच येतो. म्हणजे... विचारायचं असतं ना? येऊ का?"

दारातून आई म्हणाली, "हो म्हण गं बाई! खोलीत एकदाचा झाडू तरी फिरेल. मी मागाहून येईन, पण आधी माझी कवळी करून दे."

कापलेल्या कड्यावरचा भुसा तिने फुंकरीने उडवला, चिरेवरून बोट फिरवलं.

"परत जोडल्यावर इथे फट दिसणार," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "दिसेल थोडी."

"बुजवावी लागेल." तिने ओढणी खोचली आणि करवत उचलून त्याच्या हातात दिली. "काप नीट, सरळ. फट बुजवायला मी आहे. प्लास्टर मात्र मीच कालवणार."